तीन की पाच किलोवॅट? मांजलपूरच्या एका गच्चीचा हिशोब

बडोद्याच्या मांजलपूर भागातलं दुमजली टेनामेंट, म्हणजे स्वतःची गच्ची असलेलं घर. घरात पाच माणसं: निवृत्त आजोबा, आजी, मुलगा, सून आणि आठवीतला नातू. दोन एसी, एक फ्रीज, गिझर, पाण्याची मोटर. वीजजोडणी सिंगल फेज, मंजूर भार ४ किलोवॅट. सोलरची दोन कोटेशनं हातात आहेत. ३ किलोवॅट १,७५,००० रुपयांना, ५ किलोवॅट २,७५,००० रुपयांना. ठेकेदार म्हणतो, "काका, जागा आहे तर पाचच टाका. जास्तीची वीज कंपनी विकत घेतेच."

घेते, हे खरं. पण कोणत्या दराने, आणि कधीचा हिशोब धरून? या प्रकरणातले सगळे आकडे याच दोन प्रश्नांभोवती फिरतात. (हे घर उदाहरणादाखल मांडलं आहे. वापर, निर्मिती आणि सोलरच्या किमती बडोद्यातल्या अशा घराला साजेशा धरल्या आहेत. वीजदर, अनुदान आणि नियम प्रत्यक्षातले आहेत.)

आधी बिल उलगडून पाहू

मध्य गुजरात वीज कंपनी, म्हणजे आपली एमजीवीसीएल, घरगुती बिल दर दोन महिन्यांनी देते. दोन महिन्यांच्या हिशोबात पहिली १०० युनिट ३.०५ रुपयांनी, पुढची १०० युनिट ३.५० ने, त्यापुढची ३०० युनिट ४.१५ ने आणि ५०० च्या वरची ५.२० ने. त्यावर इंधन अधिभार. तो तिमाहीला बदलतो, इथे २.३० रुपये धरला आहे. स्थिर आकार महिन्याला २५ रुपये, आणि या सगळ्या बेरजेवर १५ टक्के वीज शुल्क.

म्हणजे मे महिन्यात रात्री एसी चालतो तेव्हा जळणारं शेवटचं युनिट ५.२० चं नसतं. ५.२० अधिक २.३०, त्यावर १५ टक्के: ८ रुपये ६२ पैसे. बिलावर हा आकडा कुठेच छापलेला नसतो, पण सोलरचा हिशोब करायचा तर तोच लागतो. हिवाळ्यात वापर ५०० च्या खाली राहिला की तेच शेवटचं युनिट साडेसात रुपयांच्या आत येतं.

या घराचा वर्षाचा वापर ४,१०० युनिट, बिल साधारण ३१,१७० रुपये. त्यातले १६,२७० रुपये एप्रिल ते जुलै या चार महिन्यांचे.

नियम कसे सरकत गेले

गुजरात वीज नियामक आयोगाने नेट मीटरिंगचे, म्हणजे ग्रिडला दिलेली युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा करण्याचे, नियम २०१६ मध्ये केले. तेव्हा मंजूर भाराच्या निम्म्या क्षमतेचंच सोलर बसवता येई. ४ किलोवॅटच्या या घराला २ किलोवॅट, बस. पुढे घरगुती ग्राहकांवरची ही मर्यादा उठली. २०१९ मध्ये राज्याची सूर्य गुजरात योजना आली: ३ किलोवॅटपर्यंत ४० टक्के अनुदान, त्यापुढे १० किलोवॅटपर्यंत २० टक्के. बिलाच्या दोन महिन्यांच्या चक्राअखेर उरलेल्या विजेला २.२५ रुपये युनिट दर ठरला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची पीएम सूर्य घर योजना सुरू झाली आणि टक्केवारीच्या जागी ठरावीक रक्कम आली. पहिल्या दोन किलोवॅटना प्रत्येकी ३०,००० रुपये, तिसऱ्याला १८,०००. एकूण ७८,०००. चौथ्या-पाचव्या किलोवॅटला शून्य. त्याच सुमारास केंद्राच्या ग्राहक हक्क नियमांत दुरुस्ती होऊन १० किलोवॅटपर्यंत तांत्रिक व्यवहार्यता तपासणीची (ग्रिडला हे सोलर झेपेल का ते पाहण्याची) अटही गेली. सप्टेंबर २०२५ मध्ये सोलर साहित्यावरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. जुनं कोटेशन हातात असेल तर ते नव्याने मागा.

एकूण काय, मोठं सोलर बसवायची वाट मोकळी झाली, आणि मोठ्या सोलरची जास्तीची कमाई मात्र २.२५ ला बांधली गेली. ठेकेदार पहिलं सांगतो, दुसरं सांगत नाही. त्याला प्रत्येक किलोवॅटवर नफा सारखाच मिळतो, म्हणून त्याला दोष देण्यातही अर्थ नाही.

सहा चक्रांचा ताळा

बडोद्यात नीट बसवलेलं १ किलोवॅट वर्षाला सुमारे १,५०० युनिट देतं. पण ती सारखी वाटून येत नाहीत, आणि घराचा वापरही सारखा नसतो. ३ किलोवॅट धरून:

| चक्र | वापर | निर्मिती | फरक |
|---|---|---|---|
| एप्रिल-मे | १,१०० | ८७० | २३० विकत |
| जून-जुलै | ९६० | ६७५ | २८५ विकत |
| ऑगस्ट-सप्टेंबर | ७२० | ६६० | ६० विकत |
| ऑक्टोबर-नोव्हेंबर | ५६० | ७५० | १९० शिल्लक |
| डिसेंबर-जानेवारी | ३४० | ७२० | ३८० शिल्लक |
| फेब्रुवारी-मार्च | ४२० | ८२५ | ४०५ शिल्लक |

वर्षाची बेरीज केली तर निर्मिती ४,५०० आणि वापर ४,१००. "बिल शून्य" म्हणायला हरकत नाही असं वाटतं. पण गुजरातेत हिशोब चक्राला मिटतो. उरलेली युनिट पुढच्या बिलात जात नाहीत, त्यांचे पैसे होतात. त्यामुळे घर ५७५ युनिट पूर्ण दराने घेतं आणि ९७५ युनिट २.२५ ने देतं. वर्षाचा निव्वळ खर्च साधारण १,९४० रुपये, बचत २९,२३० रुपये. अनुदान वजा जाता गुंतवणूक ९७,०००. सव्वातीन वर्षांच्या थोडं पुढे पैसे वसूल.

आता ५ किलोवॅट. सहाही चक्रांत शिल्लक, वर्षाला ३,४०० युनिट. त्यांचे ७,६५० रुपये येतात, स्थिर आकार जाऊन ७,३०० हाती राहतात. बचत आणि हे पैसे मिळून फायदा ३८,४७० रुपये. ऐकायला भरघोस. पण तीनऐवजी पाच घेताना वरचे १,००,००० रुपये खिशातून गेले आणि त्यांनी वर्षाला फक्त ९,२४० रुपये आणले. त्या एका लाखाची वसुली पावणेअकरा वर्षांची. तोच लाख ७ टक्क्यांनी मुदत ठेवीत टाकला तर वर्षाला ७,००० मिळतात आणि मुद्दल जागेवर राहते. पॅनेलचं मुद्दल मात्र गच्चीवर झिजत असतं. शिवाय वीजदर वाढले तरी २.२५ त्यांच्यासोबत वाढत नाही.

उलट बाजूही तपासली. २ किलोवॅटची किंमत १,२०,००० धरली तर अनुदानानंतर ६०,००० आणि बचत २१,९१० रुपये, म्हणजे वसुली आणखी लवकर. तिसऱ्या किलोवॅटला ३७,००० रुपये जास्त लागतात आणि तो वर्षाला ७,३२० देतो. पाच वर्षांत फिटतो. म्हणून तिसरा घ्यावा. चौथ्यापासून हात आखडता घ्यावा.

पुण्याची आत्या म्हणते...

बडोद्याच्या मराठी घरात हा फोन ठरलेला. "आमच्याकडे युनिट पुढच्या महिन्यात जमा होतात, तुमच्याकडे का नाही?" महाराष्ट्रात शिल्लक युनिट आर्थिक वर्षाअखेरपर्यंत पुढे नेता येतात, हे बरोबर. पण वरचा तक्ता पुन्हा पाहा. या घराची शिल्लक ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत साठते. ३१ मार्चला वही बंद होते आणि १ एप्रिलला एसी सुरू होतो. आत्याचा नियम या घराला जसाच्या तसा लावला तरी एकही युनिट वाचत नाही, कारण तूट आधी येते आणि शिल्लक नंतर. वर्ष ऑक्टोबरला सुरू झालं असतं तर ५७५ युनिट वाचली असती. "वार्षिक समायोजन" हा शब्द ऐकून हुरळण्याआधी वर्ष कोणत्या तारखेला संपतं ते विचारा.

उद्या नियम बदलला तर

दोन बदल गृहीत धरून पाहणं शहाणपणाचं.

पहिला, नेट बिलिंग. यात युनिटाला युनिट वजा होत नाही. घरात त्याच क्षणी वापरलेली सोलर वीज तेवढी वाचते, ग्रिडमध्ये गेलेली प्रत्येक युनिट स्वस्त दराने मोजली जाते आणि रात्री घेतलेली पूर्ण दराने. या घरात दिवसा आजी-आजोबा असतात, पण एसी रात्रीचा. ४,५०० पैकी १,५०० युनिट थेट वापरली जातात असं धरलं तर ३,००० युनिट २.२५ ने जातील आणि २,६०० विकत घ्यावी लागतील. बचत २९,२३० वरून १९,०५० वर येते आणि वसुली पाच वर्षांवर जाते. वाईट, पण गळ्याशी येणारं नाही. ५ किलोवॅटमध्ये मात्र १,९७,००० अडकलेले असतील आणि फायदा २७,५०० च्या आसपास. वसुली सात वर्षांच्या पुढे.

दुसरा बदल वेळेनुसार दराचा. केंद्राच्या जून २०२३ च्या नियमांप्रमाणे सौर तासांतला, म्हणजे भर उन्हाच्या वेळचा, दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि घरगुती ग्राहकांना गर्दीच्या तासांतला किमान १० टक्के जास्त ठेवायचा आहे. त्यासाठी स्मार्ट मीटर लागतं. मे २०२४ मध्ये बडोद्यात स्मार्ट मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर उतरले होते, तो राग प्रीपेड रिचार्जवरचा होता. सोलरवाल्याने पाहायची गोष्ट वेगळी: दुपारची शिल्लक संध्याकाळच्या वापरातून वजा होते की फक्त दुपारच्याच. फक्त दुपारच्याच होत असेल, तर नाव नेट मीटरिंग राहिलं तरी काम नेट बिलिंगसारखं होतं.

म्हणून वीज कंपनीशी होणारा करार सही करण्याआधी वाचा. शिल्लक विजेच्या दरापुढे आकडा लिहिला आहे, की "आयोग वेळोवेळी ठरवेल तो"? आकडा नसेल तर आपल्या हिशोबात २.२५ च्या जागी शून्य घालून पाहा. ३ किलोवॅटवर त्याने वर्षाला २,१९० रुपये कमी होतात. ५ किलोवॅटवर ७,६५०.

हिवाळ्याची शिल्लक घरातच जिरवा

डिसेंबर-जानेवारीची ३८० युनिट विकली तर ८५५ रुपये येतात. सिलिंडर वापरणाऱ्या घरात तीच वीज इंडक्शनवर जास्त मोलाची ठरते. एका १४.२ किलोच्या सिलिंडरचा स्वयंपाक इंडक्शनवर साधारण १२० युनिटांत होतो. २.२५ ने त्यांचे २७० रुपये, सिलिंडर त्याच्या तिप्पट. गॅस गिझरऐवजी विजेचा गिझर, पेट्रोलच्या स्कूटरऐवजी विजेची, हेच गणित. आजच्या नियमात ही वीज दिवसा वापरली की रात्री, याने फरक पडत नाही, त्याच चक्रात वापरली म्हणजे झालं. पण सवय दुपारची लावली तर नेट बिलिंग आलं तरी ती कामी येईल. मोटर आणि वॉशिंग मशीन अकरानंतर लावायला काही मोडत नाही.

कागद आणि जोडणी: जिथे पैसे अडकतात

बिल कोणाच्या नावावर आहे ते सर्वांत आधी पाहा. जुन्या बडोद्यात, दांडिया बाजार किंवा वाडीकडच्या घरांत, बिल अजून पणजोबांच्या नावावर येत असतं. अनुदानाचा अर्ज, वीजजोडणी आणि बँक खातं एकाच नावाचं लागतं. नाव बदलून घ्या आणि मगच सूर्य घर योजनेच्या पोर्टलवर नोंदणी करा. पॅनेल देशी सेलचे हवेत, नाहीतर अनुदान नाही. स्वस्त कोटेशनात हीच मेख असते.

पॅनेल लागले, त्यांची वीज घरच्या विजेत बदलणारा इन्व्हर्टर लागला, पण दोन्ही बाजूंनी मोजणारं मीटर अजून आलेलं नाही, तर सोलर चालू करायचं नाही. ठेकेदार "चालू करून दाखवतो" म्हणतो. बरीच जुनी इलेक्ट्रॉनिक मीटरं वीज कोणत्या दिशेने गेली ते पाहत नाहीत, बाहेर गेलेली युनिटही वापरात धरतात. मग पंधरा दिवसांत सोलर असूनही बिल फुगतं आणि ते दुरुस्त करून घेण्यात दोन चक्रं जातात. नवं मीटर लागलं की पडद्यावर १.८.० समोरचा आकडा घेतलेल्या विजेचा, २.८.० समोरचा दिलेल्या विजेचा. रीडिंगच्या दिवशी दोन्हींचा फोटो काढून ठेवा. इन्व्हर्टरच्या ॲपमधली निर्मिती आणि २.८.० कधीच जुळणार नाहीत, कारण मधली वीज घरात वापरली गेलेली असते. या फरकावरून निम्मे वाद होतात.

एक दोष मागाहून कळतो. गल्लीत पाच-सहा घरांनी सोलर लावलं की दुपारी व्होल्टेज चढतं. २५० च्या वर गेलं की इन्व्हर्टर स्वतःला तोडून घेतो, थोड्या वेळाने पुन्हा जोडतो. ऐन उन्हात तासभर असं झालं तर दिवसाची दोन-अडीच युनिट गेली. ॲपमधला आलेख दुपारी करवतीच्या दातांसारखा दिसला तर हेच समजा. इन्व्हर्टरपासून मीटरपर्यंतची केबल बारीक असेल तर ती बदलावी. तरी चढत राहिलं तर रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) टॅप बदलून व्होल्टेज उतरवण्यासाठी वीज कंपनीकडे लेखी अर्ज द्यावा, सोबत आलेखाची छापील प्रत.

आणि लाइट गेली की हे सोलरही जातं, बाहेर कितीही ऊन असो. दुरुस्तीला खांबावर चढलेल्या माणसाला झटका बसू नये म्हणून इन्व्हर्टर बंद पडतो, तो बिघाड नाही. ऑगस्ट २०२४ च्या विश्वामित्रीच्या पुरात भागच्या भाग अंधारात होते, तेव्हा छतावरच्या पॅनेलांनी कोणाचा मोबाइलही चार्ज झाला नसता. त्याच पुराचा दुसरा धडा: इन्व्हर्टर आणि जोडणीच्या पेट्या तळमजल्यावर मीटरशेजारी नकोत. जिन्याच्या वरच्या खोलीत, सावलीच्या भिंतीवर लावा.

गच्ची

५४० वॅटचे सहा पॅनेल, प्रत्येक साधारण २.२८ बाय १.१३ मीटर. बडोद्यात २१-२२ डिसेंबरला दुपारी बारालाही सूर्य ४४ अंशांवरच असतो. म्हणजे दीड मीटर उंच टाकीची सावली उत्तरेला दीड मीटर पडते, सकाळी नऊला त्याहून कितीतरी लांब. पॅनेल एकाच माळेत जोडलेले असल्याने एकावरची सावली सगळ्या माळेला नडते. टाकी दक्षिणेला असेल तर आधी टाकी हलवा. नळवाल्याचे चार-पाच हजार पॅनेलवाल्याच्या कुठल्याही युक्तीपेक्षा स्वस्त पडतात.

सांगाडा गरम जस्तलेपाचा, सात फूट उंचीचा ठरला. १,७५,००० च्या कोटेशनात तो धरलेला आहे. ठेकेदाराने बुटका सांगाडा लावून आठ हजार कमी करायची तयारी दाखवली होती, ती नाकारली. बुटक्या सांगाड्याखाली झाडू जात नाही आणि कबुतरं घर करतात. शिवाय उत्तरायणाला दोन दिवस गल्लीतली सगळी पोरं याच गच्चीवर असतात. गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या काचेवर पाय पडायला एक काटलेली पतंग पुरते. सांगाड्याची दक्षिणेकडची कड दोन फूट मोकळी सोडली आहे, पतंग उडवणाऱ्यांसाठी आणि पॅनेल पहाटे पाण्याने धुणाऱ्यासाठी. तापलेल्या काचेवर दुपारी गार पाणी मारलं तर ती तडकू शकते. आजींची अट एकच होती: एप्रिलमध्ये कुरडया वाळत घालायला पूर्वेच्या कोपऱ्यात खाटेएवढं ऊन राहिलं पाहिजे. पाच किलोवॅटच्या नकाशात तो कोपरा गेला होता.